चोकअप मशीन, पऱ्हाटीची काडी आणि काळी माती

महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पहिली पंगत उठली, दुसरी बसायच्या बेतात होती, आणि स्वयंपाकघरातल्या मोरीने पाणी घेणं बंद केलं. दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेलं गाव. काकाजी, काकू, दोन मुलं, दोन सुना असं एकत्र घर, आणि त्या दिवशी सगळी भावकी जेवायला. पाणी काही दिवसांपासून संथ जात होतं, पण जात होतं. पुरणाचे गंज, आंबिलीची पातेली, सोळा भाज्यांची कढई असं सगळं एकदम मोरीत उतरलं तेव्हा ओट्याखालची फरशी पाण्याखाली गेली. मी या भागात नळफिटिंग आणि मोटारपंपाची कामं करतो. तुंबलेले पाईप मोकळे करणारं, बॅटरीवर चालणारं चोकअप मशीन माझ्याकडे आहे हे माहीत असल्याने मोठ्या मुलाचा फोन आला.

त्या दिवशी बोळा निघाला आणि पंगती पार पडल्या. पण दसऱ्याच्या सुमारास मोरी पुन्हा संथ झाली. दुसऱ्यांदा कारण शोधताना पहिल्या दिवशी मशीनच्या तारेने दाखवलेल्या खुणा फार कामाला आल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

पाण्याची वाट

घराचा पुढचा भाग जुना मातीचा, मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणी नवीन. कडप्प्याच्या ओट्यात स्टीलचं सिंक, त्याचा ३२ मिमीचा वेस्ट पाईप कोपऱ्यातल्या मोरीच्या ट्रॅपवर, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणावर, सोडलेला. ट्रॅपमधून ७५ मिमीचा पीव्हीसी पाईप फरशीखालून ९ फूट जाऊन भिंतीबाहेर निघतो. बाहेर २ फुटांवर न्हाणीचा पाईप त्याला टीने, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाने, मिळतो, आणि तिथून ११ फुटांवर अंगणातलं चेंबर. ट्रॅप ते चेंबर एकूण २२ फूट. चेंबरपासून पुढे ११० मिमीचा, म्हणजे गावात ज्याला चार इंची म्हणतात तो पाईप सांदवाडीतल्या शोषखड्ड्याला जातो. संडास वेगळा, दोन खड्ड्यांचा. त्याचा इथे संबंध नाही.

पूर्वी या घराचं सांडपाणी उघड्या नालीने जायचं. बोळा डोळ्याला दिसायचा आणि खुरप्याने ओढला की काम भागायचं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं, पुढे शोषखड्ड्यांवर जोर आला, पाईप जमिनीखाली गेले. डास आणि डबकी कमी झाली, हे चांगलंच झालं. मात्र नाली कुठे अडली हे आता वरून कळत नाही. ते घरातल्या पाण्याच्या वागण्यावरून ओळखावं लागतं.

मशीन काढण्याआधी

एकटं सिंक तुंबलं असतं तर दोष वेस्ट पाईपात किंवा ट्रॅपमध्ये धरला असता. त्याला मशीन लागत नाही, वेस्ट पाईपाचा आटा हाताने सोडवून धुतला की झालं. इथे स्वयंपाकघरात बादलीभर पाणी ओतलं की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा आणि थोड्या वेळाने तेलाचा तवंग आणि भाताची शितं तिकडे वर यायची. दोन्हीकडचं पाणी अडतंय म्हणजे अडथळा टीच्या पुढे आहे, हे उघड होतं.

मग चेंबर. सब्बल लावून झाकण उचललं तर तळाला बोटभर काळा गाळ, बाकी रिकामं. हे पाहणं फार महत्त्वाचं. चेंबर तुडुंब असतं तर मी मशीन गाडीतून उतरवलंच नसतं, कारण शोषखड्डा भरलेला असताना पाईपात कितीही तार फिरवली तरी पाणी जायला जागाच नसते. भाद्रपदात काळ्या मातीतला खड्डा भरलेला निघणं नेहमीचं आहे. पाच मिनिटांचं हे पाहणं टाळून तासभर मशीन चालवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे पैसे घेणारेही.

तर संशय टी ते चेंबर या ११ फुटांवर येऊन थांबला. आता तिसरा प्रश्न, जो विचारल्याशिवाय मी हात घालत नाही: आत काय काय टाकलंय?

"काल रातच्याला पावडर टाकली, सकाळी उकळतं पाणी ओतलं," धाकटी सून म्हणाली.

"अन् यानं काडी घातली होती, ते काहून नाही सांगत?" काकूंनी धाकट्या मुलाकडे बोट दाखवलं.

"काडी वापस काढली होती मी."

"अर्धी काढली."

नाली साफ करायची पावडर म्हणजे बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा. थोड्या चिकटीवर ती काम करते. पूर्ण तुंबलेल्या पाईपात मात्र ती अडथळ्यापर्यंत पोचत नाही, ट्रॅपमध्येच बसून राहते आणि पाणी कमी पडलं तर गोठून दगड होते. वर कोणी संडास धुवायचं ॲसिड ओतलं तर उकळी फुटून तोंडावर उडतं. उकळत्या पाण्याचंही तसंच: पीव्हीसी पाईप साधारण ६० अंशांच्या पुढे नरम पडायला लागतो, जोड ढिले होतात. आणि कॉस्टिकच्या पाण्यात फिरती तार घातली तर ती ते पाणी डोळ्यांत उडवते. म्हणून आधी रबरी मोजे घालून मोरीतलं पाणी मगाने बादलीत काढलं, साधं पाणी भरलं, पुन्हा उपसलं. ते पाणी गुरांच्या वाटेपासून दूर, कुंपणाकडे टाकलं. न्हाणीतलंही उपसलं. डोळ्यांवर गॉगल हवाच, उन्हाचा नाही, कामाचा.

मशीन कसं असतं

दिसायला ड्रिल मशीन आणि पुढे एक बंद डबा. डब्यात, म्हणजे ड्रममध्ये, पोलादी स्प्रिंगची लांब तार गुंडाळलेली असते. खटका दाबला की ड्रम फिरतो, त्याबरोबर तारही स्वतःभोवती फिरते आणि टोकाचं वेटोळं गाळात घुसतं, केसाकाड्यांत गुंततं. तार हाताने किंवा मशीनवरच्या दांड्याने पुढे सोडायची. माझी तार ८ मिमी जाडीची आणि २५ फूट लांब आहे. असं मशीन घरातल्या ३२ ते ७५ मिमीच्या पाईपांसाठी. चार इंचीत ही तार घालू नये, रुंद पाईपात तिला भिंतीचा आधार मिळत नाही, ती आतच वेटोळी घालून गाठ मारून बसते. त्यासाठी जाड तारेचं मोठं मशीन लागतं. संडासाच्या भांड्यातही ही घालू नये, चिनीमातीवर ओरखडे पडतात.

बॅटरीचं मशीन घेतलं त्याचं कारण साधं आहे. तुंबलेली मोरी म्हणजे ओली फरशी, आणि ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड ओढून २३० व्होल्टचं मशीन हातात धरायचं हे मला पटत नाही. शिवाय अंगणातल्या चेंबरपाशी बोर्ड कुठून आणायचा? आणि त्या दिवशी दुपारपासून लाइटही नव्हती. बॅटरी १८ व्होल्टची. काही कंपन्या तीच २० व्होल्ट म्हणून विकतात. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात, पूर्ण चार्ज झाल्यावर बेरीज विसाच्या वर जाते, काम सुरू झालं की अठराच्या आसपास येते. ताकदीत फरक नाही. आपल्याकडे लक्ष द्यायचं ते उन्हाकडे: मे महिन्यात ४५ अंशांत गाडीच्या काचेखाली ठेवलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, आणि तसं रोज केलं तर तिचं आयुष्य लवकर संपतं.

प्रत्येक घराने हे घ्यावं असं मला वाटत नाही. हाताने फिरवायची छोटी स्प्रिंग काहीशे रुपयांत मिळते आणि सिंकपुरती ती पुरते. बॅटरीचं मशीन एका गावात एखाद्याकडे असलं तरी बस.

टोकाने काय सांगितलं

मशीन चेंबरकडून लावलं. मोरीकडून लावलं असतं तर तारेला ट्रॅपचं वळण, फरशीखालचे ९ फूट आणि मग टी असा प्रवास करावा लागला असता, आणि प्रत्येक वळण तारेचा जोर खातं. चेंबरकडून पाईप सरळ होता. तोटा एकच: बोळा सुटला की मागचं तुंबलेलं पाणी आपल्याकडे येतं. म्हणून पाईपाच्या समोर न बसता बाजूला बसायचं आणि आत डोकावायचं नाही.

हातमोजे चामड्याचे. कापडी मोजा फिरत्या तारेत अडकला तर तार त्याला बोटांसकट गुंडाळून घेते. त्याच कारणाने खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवायचा आणि पोरांना लांब उभं करायचं. मशीनचं तोंड पाईपाच्या तोंडापासून वीतभरच. मध्ये उघडी तार जास्त राहिली आणि टोक आत अडकलं, तर पीळ त्या उघड्या भागात जमतो आणि तार एकदम वळसा घेऊन मनगटावर येते. या मशीनने झालेल्या बहुतेक इजा अशाच असतात, मोटार लहान म्हणून कोणी तिला मनावर घेत नाही.

माझ्या तारेवर दर फुटाला ऑइलपेंटची पांढरी खूण आहे, दर पाचव्या फुटाला लाल. तार पाच फुटांपर्यंत न अडता गेली. लाल खूण पाईपात शिरली आणि मोटारचा आवाज किंचित जड झाला. तार थांबली नाही, पण तिला ढकलावं लागत होतं. हे नवव्या फुटापर्यंत चाललं. मऊ गाळ असा कळतो. पुढच्याच दिशेने हळू फिरवत मागे ओढली. उलटं फिरवत ओढलं तर टोकात गुंतलेलं सगळं आतच सुटून जातं. टोक बाहेर यायच्या हातभर आधी खटका सोडला, नाहीतर मोकळं टोक फटका मारतं.

वेटोळ्यात राखाडी चिकट लगदा होता. चिमटीत घेऊन चोळला तर आधी बुळबुळीत लागला आणि मग बोटाला रवाळ कण लागले. ही तपासणी किळसवाणी वाटते पण वगळू नये. नुसता बुळबुळीत लागला तर तेल-तूप. रवाळ लागला तर राख किंवा वाळू. काळा आणि सडका वास असेल तर गाळ बऱ्याच दिवसांपासून पडून आहे. पांढरे कडक तुकडे आले तर गोठलेली पावडर किंवा क्षार. आणि टोकाला स्वच्छ काळी माती लागली तर मशीन तिथेच थांबवायचं, कारण पाईप फुटला आहे आणि आपण बाहेरची जमीन खणतो आहोत.

इथली राख पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची होती. घरात गॅस आहे, पण एवढ्या मोठ्या जेवणाचा स्वयंपाक मागच्या चुलीवर, आणि आपल्याकडे चुलीला सरपण पऱ्हाटीचं. तीच राख आणि चिंच घेऊन पितळेची भांडी घासलेली. त्यात बोअरचं खारं पाणी. शहानूर धरणाचं नळाचं पाणी पिण्यापुरतं जपून वापरायचं, धुण्याभांड्याला बोअर. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा साका होतो आणि पाईपाच्या पोटाला चिकटतो. साका, तेल आणि राख एकत्र बसली की घट्ट थर होतो. तेल आणि राख तर सगळीकडेच असते, ती पाच ते नऊ या चार फुटांतच का बसली, हे मात्र त्या क्षणी कळलं नव्हतं. खूण तेवढी वहीत लिहून ठेवली.

गाळात वाट झाल्यावर थोडं पाणी चेंबरला आलं, गढूळ आणि थेंबथेंब. तार पुन्हा आत घातली. अकराव्या फुटाला ती ठाम थांबली. हा अडथळा वेगळा होता: ड्रम फिरत राहिला, तार तळहातात फुरफुरायला लागली, म्हणजे पीळ भरत होता. खटका सोडून क्षणभर उलटं फिरवलं, टोक मोकळं झालं, मग पुन्हा पुढे, अगदी हळू. असं धरत-सोडत टोक एकदाचं गुंतलं आणि ओढताना जड लागलं. बाहेर आली ती बोटभर लांबीची पऱ्हाटीची काडी. पऱ्हाटीला फांद्यांचे आखूड खुंट असतात, त्या खुंटांवर केसांचा गुंता बसलेला, गुंत्यात शितं, आणि मधोमध एक राखीचा लाल धागा. श्रावणातली राखी न्हाणीतून इथवर आली होती. मागून पाणी असं आलं की चेंबर क्षणात अर्धं भरलं.

काकूंनी काडी पाहिली, मुलाकडे पाहिलं, आणि वाढायला निघून गेल्या.

पुढचा वेळ दोन्हीकडून बादल्या ओतून पाईप धुण्यात गेला. ही पायरी लोक गाळतात. तार बोळ्यात फक्त भोक पाडते, भिंतीवरचा थर पाण्याच्या लोंढ्यानेच निघतो. शेवटी, सवयीने, पाणी थांबल्यावर थोड्या वेळाने स्वच्छ पुसलेली तार न फिरवता नऊ फुटांपर्यंत नुसती सरकवून काढली. टोकाकडची चार फूट तार, म्हणजे पाईपात पाच ते नऊ फुटांवर असलेली, ओथंबून निघाली, मागची नुसती दमट. ओतणं कधीच थांबलं होतं, तरी आत कुठेतरी पाणी उभं होतं. घरात पंगत चालू, बाहेर पाऊस. त्या दिवशी अंगण खोदणं शक्य नव्हतं. मोठ्या मुलाला सांगून ठेवलं की पाईपात पोट आहे, म्हणजे तो मध्येच खाली वाकला आहे, पाऊस उघडल्यावर बघावं लागेल.

मशीन घरी आल्यावर तार पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुतली, वाळवली, तेलाचं फडकं फिरवलं. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात भिजलेली तार तशीच ड्रममध्ये ठेवली तर सकाळी तांबडी निघते, आणि गंजलेली तार एक दिवस कोणाच्या तरी पाईपात तुटून राहते. तुटलेली तार काढायला मग फरशीच फोडावी लागते.

उतार

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा फोन आला. पाणी संथ, पण वाहतं. या वेळी काडी नव्हती, सणाची भांडी नव्हती. चेंबरकडून तार घातली, पाचव्या फुटाला जड. जागा तीच. एकाच जागी पुन्हा गाळ बसतो तेव्हा चूक वापरणाऱ्यांची कमी आणि पाईपाची जास्त असते.

"उतार तर बराबर हाय," काकाजी म्हणाले. "मिस्तरीनं पाहून देल्ला होता."

मिस्त्रीने पाहिलाही असेल. टीपाशी, चेंबरपाशी आणि मध्ये दोन ठिकाणी पाईपाच्या डोक्यापर्यंत छोटे खड्डे घेतले आणि लेव्हलची नळी लावली. ७५ मिमीच्या पाईपाला मी ४० ला १ उतार धरतो, म्हणजे ११ फुटांत सव्वातीन इंच. टी ते चेंबर उतार तीन इंच भरला, जवळपास बरोबर. दोन्ही टोकं पाहून कोणीही पास केला असता. पण टीपासून साडेतीन फुटांवर पाईप अडीच इंच खाली गेला होता, आणि पुढे सहा फुटांवर, म्हणजे चेंबरपासून पाच फुटांवर, तो फक्त दीड इंच खाली होता. मध्ये पाणी इंचभर चढण चढत होतं. तारेने सांगितलेला पाचवा फूट हाच.

चेंबरपासून पाच फुटांवर काय आहे हे जमिनीवर पाहिलं तर धुण्याचा दगड. तिथे रोज कपडे धुतले जातात, पाणी आजूबाजूला मुरतं. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात आपल्या शेतात ज्या भेगा पडतात, ज्यांत हात जातो, त्या याच मातीच्या. दगडाखालची माती बारा महिने ओली, म्हणून बारा महिने फुगलेली, तिने पाईप वर धरून ठेवला. दगड आणि भिंत यांच्या मधली माती मात्र दर उन्हाळ्यात आकसत गेली. पाईप टाकताना खालची माती धुम्मस न करता, म्हणजे ठोकून घट्ट न करता, तशीच ढकललेली होती, तीही बसली. पाईप तिच्याबरोबर खाली गेला आणि त्याला पोट पडलं. पोटात इंचभर पाणी कायम उभं. वेगाने आलेलं पाणी तिथे मंदावतं, राख तळाला बसते, राखेवर साका, साक्यावर तेल. काडी टीपाशी अडकली म्हणून सणाच्या दिवशी सगळं एकदम बंद पडलं, पण काडी नसती तरी दिवाळीपर्यंत ते बंद पडलंच असतं.

अशा पाईपात चोकअप मशीन महिन्या-दोन महिन्यांनी चालवत राहणं हाही एक मार्ग आहे आणि तो धंद्याला बरा. काकाजींना दोन्ही सांगितले. सोयाबीन निघायचं होतं, मजूर मिळत नव्हते, म्हणून खोदकाम दिवाळीनंतर ठरलं. तोवर मोरीवर बारीक जाळी बसवली.

माती सुकल्यावर टी ते चेंबर चर खोदला. पाईपाखालची काळी माती आणखी सहा इंच काढून टाकली आणि मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मस केला. पूर्णेच्या या खोऱ्यात काळी माती फार खोल आहे, मुरूम जवळ निघत नाही, ट्रॅक्टरने आणावा लागतो. त्याचा खर्च पाईपापेक्षा जास्त झाला आणि काकाजी त्यावर कुरकुरले, पण मुरुमाशिवाय नवा पाईप टाकणं म्हणजे दोन उन्हाळ्यांनी पुन्हा तेच. मुरुमावर वाळूचा पातळ थर, त्यावर दोरी धरून पाईप. टीच्या जागी झाकणाची टी बसवली, म्हणजे पुढे कधी तार घालायची वेळ आली तर तिथून दोन्ही दिशांना घालता येईल. पाईपाच्या बाजूनेही मुरूमच भरला. चर बुजवायच्या आधी लेव्हल पुन्हा पाहिली आणि मोरीत दोन बादल्या एकदम ओतल्या.

धुण्याचा दगड हलवायला सगळ्यात जास्त विरोध झाला. तो सासूच्या काळापासून तिथेच आहे, असं काकूंचं म्हणणं. शेवटी तो चरापासून आठ-दहा फूट दूर, कुंपणाकडे नेला, खाली सिमेंटचा ओटा केला आणि पाण्याला उघडी नाली काढून पपईच्या झाडांकडे सोडली. त्याने राखेचाही प्रश्न सुटला, जो बोलून सुटला नसता. राखेऐवजी साबण वापरा असं मी सांगून पाहिलं होतं. काकूंचं उत्तर होतं, "खाऱ्या पाण्यानं साबन चालते काय? राखेनं निंघते तसं भांडं निंघतच नाही." त्यांचं खरं आहे. आता राखेची भांडी बाहेरच्या ओट्यावर घासली जातात, राख उघड्या नालीत बसते आणि फावड्याने ओढता येते. मोरीत फक्त ताट-वाट्या. खरकटं आधी गुरांच्या टोपल्यात जायचं, ते तसंच चालू आहे. तळणाचं तेल मोरीत ओतायचं नाही, हे मात्र धाकट्या सुनेला पुन्हा सांगावं लागलं.

शोषखड्डा राहिला आहे

पाईपाचं झालं, खड्ड्याचं नाही. तो मीटरभर लांब, रुंद आणि खोल आहे, आत विटांचे तुकडे. मुरमाड जमिनीत असा खड्डा वर्षानुवर्षं पाणी पितो. काळी माती एकदा फुगली की पाणी जवळजवळ सोडतच नाही, त्यामुळे पावसाळ्यात तो हळू होतो आणि वरून तेल-साका गेला की विटांवर थर बसून आणखी हळू. माझा सल्ला असा: चेंबर आणि खड्डा यांच्या मध्ये एक गाळ-तेल अडवणारं छोटं चेंबर बांधायचं, ज्यात आत येणारा आणि बाहेर जाणारा पाईप दोन्ही पाण्याखाली वळवलेले असतील, म्हणजे तेल वर तरंगत राहील आणि गाळ तळाला बसेल. खड्डा रिकामा करून विटा धुवायच्या किंवा बदलायच्या, आणि जमलं तर खड्ड्याऐवजी सांडपाणी झाडांच्या उथळ चरात सोडायचं, कारण वरची माती खालच्यापेक्षा बरं पाणी घेते आणि झाडंही काही ओढून घेतात.

हे काम उन्हाळ्यातच करायचं, खड्डा कोरडा असताना आणि वरून, फावड्या-बादलीने. भरल्या खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सांडपाण्याचा खड्डा त्यात बसतो की नाही हा वाद कोणी घालू नये, सडक्या गाळातला गॅस दोन्हीकडे तोच. काकाजींनी कापसाचे पैसे आल्यावर बघू असं सांगितलं आहे, आणि तोवर दर पंधरा दिवसांनी चेंबरचं झाकण उचलून पाणी किती उभं आहे ते पाहायचं ठरलं आहे.